तिच्या बाजूचं हँडल

गाड्यांच्या शोरूममध्ये पुढे चकचकीत फरशी आणि गोड बोलणारी माणसं असतात. मागे, वर्कशॉपला लागून, जाळीची एक खिडकी असते. ती पार्ट काउंटरची. नव्या गाडीचा मालक तिकडे फिरकतही नाही. तिथे येतात ते जुन्या गाडीवाले, रुमालात एखादा मोडका तुकडा गुंडाळून, डॉक्टरसमोर बसल्यासारखा चेहरा करून. अशाच एका खिडकीमागे काकांची सगळी नोकरी गेली. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत, आणि पाठ वळली की कुलूप.

नाव अगदी चपखल होतं. बिलाशिवाय त्या खिडकीतून एक वॉशर बाहेर पडेल तर शपथ. ओळखीचा येवो, अनोळखी येवो, गयावया करो, काका आधी चेसिस नंबर विचारत आणि मग बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणत. नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसांचं कौतुक लांबून बरं वाटतं. घरात आणि शेजारच्या टेबलावर त्यांचा थोडा वैतागच येतो.

त्या कामातला एक भाग मात्र त्यांच्या जिवावर यायचा. ज्या पार्टला वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही, तो डेड स्टॉक. तो विकायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही, फोडायचा, म्हणजे मागच्या दाराने कुणी धंदा करायला नको. कंपनीचा माणूस समोर उभा राहायचा आणि काका हातोडा चालवायचे. एका वर्षी त्या ढिगात काच वरखाली करायची हँडलं निघाली. काळी, टोकाला गोल बोंड असलेली. नेमकी काकांच्या स्वतःच्या गाडीची. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली होती, “अहो, फोडणारच आहात तर एक आणून ठेवा की आपल्याला. कुणाचं काय जातंय?”

काका म्हणाले, असं करत नाहीत. तिनेही विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळी हँडलं फोडली, तुकडे झाडून पोत्यात भरले, आणि विसरून गेले. पुढे यथावकाश निवृत्तही झाले.

मग बायको विसरायला लागली. आधी गॅस, मग घराचा रस्ता, मग मुलीचं नाव. सगळ्यात शेवटी नवरा. एका सकाळी तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “घ्या ना काका, लाजू नका.” त्यांना आधी वाटलं चेष्टा करते आहे, कारण चेष्टा करायची खोड तिला होतीच. मग त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पाहुण्यासारखा कप घेतला. जन्मभर अख्ख्या वर्कशॉपने काका म्हटलं, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

पण गाडीत बसली की गोष्ट वेगळी असायची. दार लागलं की तिचा हात आपोआप हँडलवर जायचा, गोल बोंड तिच्या मुठीत बसायचं, काच अर्धी खाली यायची. वारा तोंडावर आला की ती म्हणायची, “अहो, हळू चालवा. घाई कुठंय?” गाडी आली त्या दिवसापासून ती हेच म्हणत आली होती, आणि पूर्वी काकांना त्याचा राग यायचा. आता त्या एका ‘अहो’साठी ते रोज संध्याकाळी तिला फिरवून आणत. परत दारात येईपर्यंत ते तिचे ‘अहो’ असत. उतरली की पुन्हा काका.

जुनं प्लास्टिक ते, किती दिवस टिकणार? ती वाटभर काच वरखाली करत बसायची. आतले दाते झिजले आणि हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं. काकांनी आपल्या बाजूचं काढून तिला लावलं. ते तडकलं तेव्हा मागच्या दारांची गेली, एकामागून एक. स्वतःची काच ते पक्कडीने खाली करत. शेवटचंही मोडलं तेव्हा त्यांनी बाजारातून लोकल हँडल आणून बसवलं. काच उत्तम फिरत होती. बायकोने त्या चपट्या टोकावर हात ठेवला, चाचपला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ही कुणाची गाडी, असं विचारत ती रडायला लागली. मला घरी सोडा, म्हणाली.

मग काका आपल्याच जुन्या खिडकीशी गेले, पण जाळीच्या बाहेरच्या बाजूने. रुमालात तुकडा होताच. काउंटरवरच्या मुलीने न विचारताच चेसिस नंबर ऐकून घेतला, कारण काका आल्या आल्या तोच बोलले. पार्ट बंद झालाय, बदली पार्टचा नंबरही नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली. हे वाक्य काकांनी हजारांना ऐकवलं असेल. इतक्या हळू कधी नाही. मग तिने बाकीच्या डीलरांकडचा स्टॉक बघितला. लांबच्या एका गावात एक दिसत होतं. असा दिसणारा एक बहुतेकदा स्क्रीनवरच असतो, फडताळात नसतो, हे काकांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तरी त्यांनी आपल्या मुलीला आईजवळ बसवलं आणि पहाटेची बस धरली.

तिथल्या काउंटरवाल्याशी काका वर्षानुवर्षं फोनवर बोलले होते, पण चेहरा आज पहिल्यांदा दिसला. हँडल खरोखरच होतं. पण ते डेड स्टॉकच्या पेटीत पडलेलं होतं. उद्या कंपनीचा माणूस येणार, उद्याच हातोडा. आता त्याचं बिल होत नाही, हे काउंटरवाल्याने सांगायच्या आधीच काकांना कळलं. ते पेटीकडे बघत राहिले. मग कधी नाही तो हात पसरला.

“मला द्याल का ते?” ते म्हणाले. “बायको ओळखत नाही हो मला. ते असलं की ओळखते.”

काउंटरवाल्याने एकदा पेटीकडे पाहिलं. मग त्याने खिडकीशेजारचं दार उघडलं. “मी चहा पिऊन येतो,” तो म्हणाला. “तोवर काउंटर सांभाळा. तुम्हाला काय शिकवायचं?”

काका आत गेले. पेटीतून हँडल उचललं, खिशात घातलं, आणि त्यांचे कान तापले. तो परत आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बसमध्ये काका सारखे खिसा चाचपत होते.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी ते बसवलं. मधले कितीतरी दिवस गाडी दारातच उभी होती. बायको आज निमूट बसली. हात आपोआप हँडलवर गेला, बोंड मुठीत बसलं, काच लोण्यासारखी खाली आली. काका त्या ‘अहो’ची वाट बघत राहिले.

“काका,” ती म्हणाली, “अगदी असंच हँडल आमच्या गाडीला आहे.”

तिने हँडल फिरवून काच वर घेतली, पुन्हा खाली केली. मग शेजारणीला सांगावं तशी मोकळी होऊन बोलायला लागली. “मी ह्यांना म्हटलं होतं, एक आणून ठेवा. तिथे ढीगभर पडली होती. पण छे. फार सरळ आहेत हो ते. कुणाची टाचणी खिशात घालणार नाहीत.” तिच्या आवाजात अभिमान होता. तो ऐकून काकांचा हात आपसूक रिकाम्या खिशावर गेला. तेवढ्यात ती त्यांच्याकडे वळली.

“ते भेटले तर मी असं म्हटलं हे सांगू नका हं. मनाला लावून घेतात.”

“नाही सांगत,” काका म्हणाले.

वारा आत येत होता. त्यांनी गाडी सुरू केली आणि, कुणी सांगितलं नाही तरी, हळू चालवली.