पायाचा पटका

बाळांनो, दोन वर्षं माझ्या पायाची इसबाची जखम भरत नव्हती. चालणं कायमचं सुटेल असं वाटत होतं. ती बरी केली बारामतीच्या दवाखान्यात पट्टी बांधणाऱ्या काटेवाडीच्या बाईनं. मी हळदीचा लेप लावून गेले, तर म्हणाली, "आजी, हळद कालवणात घाला!" मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत तिनं घट्ट पट्टी गुंडाळली. मी कुरकुरले, तशी ती म्हणाली,

"आमचं आबा मेंढरांमागं पळायचं, पण डोईचा पटका कधी सुटला न्हाय. त्यांच्याकडनंच शिकले मी. सैल बांधून काय उपेग?"

पाच महिने दर मंगळवारी तिनं माझा पाय मांडीवर घेतला. जखम भरली. तिचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. जखम पुन्हा होऊ नये म्हणून आता पट्टी मीच बांधते, आणि बांधून झाली की तिच्या आबांना नमस्कार करते.