दाराच्या फटीतली अगरबत्ती

माझा मेकॅनिकल डिप्लोमा झाला तेव्हा आमच्या गावात, धामणगाव बढ्यात, एकच प्रश्न होता: पोरगी आता कोणत्या गॅरेजमध्ये जाणार? काकू तर बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, पोरीले पाने-पेंचिस घेऊन गाडीखाली निजवता का आता?" बाबा हसले. मीही हसण्यावारी नेलं, कारण मी बुलढाण्याला जे काम शिकायला निघाले होते ते मलाच धड ठाऊक नव्हतं.

ज्या मॅडमकडे गेले, त्या इमारतींना पाणी, हवा आणि गारवा कसा पोचवायचा ते आखून द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका बांधून होत आलेल्या दवाखान्यात नेलं. रिकाम्या खोलीत उभं करून विचारलं, "या खोलीत हवा कुठून येते?"

"खिडकीतून."

"आणि जाते कुठून?"

मी चारी भिंतींकडे पाहत राहिले. श्वास तर जन्मापासून घेत होते, पण हवेलाही आत यायची आणि बाहेर पडायची वाट लागते, असा विचार कधी केला नव्हता. त्या दिवसापासून माझी नजरच बदलली. एसटीत बसले की टपावरची झडप बघायची, हॉटेलात गेले की धुराडं बघायची. मैत्रीण म्हणायची, "खाली पाह्य बे, पडशील!"

मग पाण्याचं शिकले. तळमजल्याचा नळ धो धो वाहतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा करंगळीएवढा, असं का? टाकी नळापासून जितकी उंच, तितका पाण्याला जोर. वरच्या मजल्याच्या डोक्यावर टाकी असते खरी, पण अगदी जवळ. इतकं साधं! मॅडमनी कागदावर गणित करून दाखवलं आणि आम्ही गच्चीवर जाऊन टाकीचा ओटा किती उंच हवा ते ठरवलं. उतरताना मी दोन-दोन पायऱ्या गाळत आले.

पण खरा आनंद त्याच दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीने दिला.

मॅडमनी समजावलं होतं की तिथे नुसता गारवा देऊन भागत नाही. मशीनने गाळून गार केलेली हवा छतातल्या जाळ्यांतून आत सोडायची आणि खालच्या जाळ्यांतून परत मशीनकडे ओढून घ्यायची. मात्र जेवढी सोडली त्याहून थोडी कमी ओढायची. उरलेली हवा दाराच्या फटीतून बाहेर रेटत राहते. मग व्हरांड्यातली धूळ आणि जंतू आत शिरायला धजत नाहीत. ऐकून मी खूश झाले. हवेचाच पहारा!

मशीन पहिल्यांदा चालू करायचा दिवस आला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पत्र्याची हवानळी बसवणारे चाचाही होते. मॅडमनी अगरबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. मी बाहेर उभी राहून ती बंद दाराच्या फटीशी धरली.

धूर सरळ आत गेला.

"आत जाऊन राह्यला की हो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझं तोंड उतरलं. मॅडम मात्र शांत. मला म्हणाल्या, "धूर आत जातोय म्हणजे काय?"

"म्हणजे ओढली जातेय ती हवा जास्त आणि येतेय ती कमी."

"मग शोध."

मी आत धावले. स्टुलावर चढून छतातल्या एकेका जाळीखाली तळहात धरला. पहिलीतून गार झोत आला, दुसरीतूनही. तिसरीखाली हाताला झुळूकही लागली नाही. चौथीखालीही काही नाही. मी ओरडलेच, "मॅडम, अर्धं छत मुकं आहे!"

मशीनपासून येणारी मोठी नळी पुढे दोन फाट्यांत विभागत होती. या दोन्ही जाळ्या एकाच फाट्यावरच्या. म्हणजे अडलं असेल ते फाट्याच्या तोंडाशीच. मशीन बंद केलं. चाचांनी शिडी लावली, "संभालके, बेटा," म्हणत खालून घट्ट धरली आणि मी छताची एक फळी सरकवून टॉर्चसकट वर डोकं घातलं. ते मागोमाग चढले. फाट्याजवळच्या झाकणाचे स्क्रू त्यांनी काढले, मी आत हात घातला. हाताला काहीतरी चुरचुरीत लागलं. ओढलं, तर लांबरुंद प्लॅस्टिक! नळीत धूळ जाऊ नये म्हणून बसवायच्या आधी तोंडाला लावलेलं, ते तसंच राहून गेलं होतं.

चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! ये तो मैंनेच बांधा था!" मग स्वतःच हसत सुटले. आम्ही सगळेच हसलो.

झाकण लावलं, मशीन पुन्हा सुरू झालं. मी बाहेर येऊन दार लावलं आणि नवी अगरबत्ती पेटवली. फटीशी धरली. धूर क्षणभर उभा राहिला, मग वाकला आणि दारापासून दूर, व्हरांड्याकडे पळाला.

"आणखी एकदा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अगरबत्ती त्यांनी माझ्या हातातून घेतलीच. दाराच्या वरच्या फटीला धरली, खालच्या फटीला धरली, कडेला धरली. धूर दर वेळी बाहेर. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता यांना तूच समजावून सांग, असं का होतं ते." मी सांगितलं, एका दमात, हातवारे करत. अंगावर छतातली सगळी धूळ होती, याचं भानही नव्हतं.

बाहेर आल्याबरोबर बाबांना फोन लावला. "बाबा, आज मी खोलीतली हवा बाहेर ढकलली!"

बाबा काळजीने म्हणाले, "काऊन? आतमधी काही वास येऊन राह्यला होता का?"

मी रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसले, पोट दुखेपर्यंत हसले आणि त्यांना अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.