मुर्ध्याहून आठव्या मजल्यावर

वादळ येणार हे टीव्हीवर काही दिवसांपासून दाखवत होते. अरबी समुद्राचा नकाशा, त्यावर फिरणारं पांढरं चक्र आणि त्याच्या पुढे किनाऱ्यापर्यंत काढलेली एक रेघ. ती रेघ कधी रत्नागिरीकडे झुकायची, कधी डहाणूकडे. एका सकाळी ती बरोबर आमच्या डोक्यावर आलेली दिसली. मी ऑफिसात रजा टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "चल, आई-बाबांना घेऊन येऊ."

आमचा फ्लॅट भाईंदर पश्चिमेला, आठव्या मजल्यावर. माझं माहेर मुर्ध्यात, खाडीच्या काठावर. रिक्षाने फार वेळ लागत नाही. तरीही लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत दोघं माझ्याकडे राहायला म्हणून कधी आले नव्हते. सकाळी यायचे, जेवायचे, चहा झाला की आई पिशवी उचलायची. बाबांना लकवा झाल्यावर तेही थांबलं. त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. जन्मभर खाडीत होडी घालणारा माणूस आतल्या खोलीत खाटेवर पडून असायचा आणि खिडकीतून त्याला शेजाऱ्यांची भिंत दिसायची.

निघण्याआधी आईला फोन केला. ती म्हणाली, "आमी न्हाय येत, बाय. असली वादलं दरवर्साला सांगतान. येतंय कुटं?"

"आई, या वेळी खरंच येतंय."

"मंग येवदे. यांना हलवू कशी? आन घर कोनाच्या भरवशावर टाकू?"

मी फोन ठेवला. आईशी फोनवर वाद घालून काहीच हाती लागत नाही. समोर जाऊन उभं राहावं लागतं.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन होतं आणि हवा अगदी पडली होती. महापालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. खाडीलगतच्या लोकांनी शाळेत जावं, होड्या वर घ्याव्यात. आई अंगणात कंबर कसून उभी होती. येत नाही म्हणणाऱ्या बाईने घर मात्र वादळासाठी निम्मं बांधून ठेवलं होतं. जुनं जाळं छपरावर टाकून त्याची टोकं माडाच्या बुंध्याला आवळली होती, म्हणजे पत्रे उडू नयेत. माझा नवरा परळच्या चाळीत वाढलेला. त्याने बाह्या सरसावल्या आणि उरलेल्या दोऱ्या बांधायला घेतल्या. त्याची गाठ पाहून आई हसली, पण तिने ती सोडली नाही. वरून फक्त आपली एक मारली.

बाबा आतून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "बाबा, माझ्याकडं चल. दोन दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात वर केला. मला वाटलं, नको म्हणतायत. मग लक्षात आलं, ते मला ओढ म्हणून खुणावत होते. त्यांना उठून बसायचं होतं.

आई दारात आली. "बगा, यांना घाई झाली," ती म्हणाली. मग तिची नजर पडवीकडे गेली. "पन माल?"

माल म्हणजे आगोटीची सुकी मासळी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हासाठी लोक मे महिन्यातच सुकं भरून ठेवतात. आई ते सुकवून भाईंदरच्या बाजारात विकायची. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी. पडवीत गोण्यांची रास लागली होती. सुक्या मासळीला एकदा पाणी लागलं की ती गेली, आणि तिच्याबरोबर आईचा अख्खा उन्हाळा.

नवरा सांभाळून म्हणाला, "आई, बिल्डिंगमध्ये आमच्या मजल्यावर सगळे शाकाहारी आहेत. एवढा वास..."

"तं माल ऱ्हावंदे. मी बी ऱ्हाते."

ती रागावून बोलली नव्हती. ऑफिसात मी फाइल सोडून जात नाही, तसंच तिचं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोकं खाजवलं आणि शेजाऱ्यांचा टेम्पो मिळतो का ते पाहायला गेला.

शेजारच्या चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दारातून बाहेर येताच त्यांनी डोळे मिटून घेतले. उजेड सहन होईना. मग हळूहळू उघडले आणि अंगण, माड, छपरावरचं जाळं असं एकेक पाहत राहिले. आई दार लावायला गेली तेव्हा कळलं, घराला कुलूपच नव्हतं. कडी होती. घरात कायम कोणीतरी असायचं, कुलपाची गरजच पडली नव्हती. नाक्यावरचं दुकान बंद झालं होतं. शेवटी आईने कडीत दोरी ओवून गाठ मारली आणि गाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

गोण्यांचा टेम्पो पुढे गेला. आम्ही मागून रिक्षाने. धक्क्याजवळ आलो तसे बाबा घशातून आवाज काढू लागले. आई म्हणाली, "थांब रे, भाऊ. यांना बगायचंय."

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. भरती होती, आणि होड्या एकेक करून वर ओढत होते. कोणीतरी रिक्षात बाबांना ओळखलं. मग दोर तसाच टाकून माणसं आली. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं खाडीत गेलेली माणसं, काही आता त्यांच्याइतकीच म्हातारी. घरी येऊन भेटायची ती, पण खाटेवरच्या माणसाला भेटणं वेगळं आणि धक्क्यावर भेटणं वेगळं. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतंच "आलास व्हय" म्हणालं. त्यांच्यातल्या एकाने जाताना दोराचं मोकळं टोक रिक्षात आणून बाबांच्या डाव्या हातात दिलं. मस्करीच होती ती. पण बाबांनी मूठ घट्ट मिटली. पुढे सगळ्यांनी जोर लावला, होडी सरकली, दोर रिक्षातून घसरत गेला.

"सोडा, हात कापल," आई म्हणाली.

त्यांनी टोक हातातून निसटेपर्यंत दोर सोडला नाही. तळहात लाल झाला होता. मी रुमाल पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला.

बिल्डिंगमध्येही तयारी चालली होती. ग्रुपवर सेक्रेटरींचे मेसेजवर मेसेज येत होते. कुंड्या आत घ्या, गाड्या झाडाखाली लावू नका, पाणी भरून ठेवा. वॉचमन गच्चीवर टाक्यांची झाकणं तारेने बांधत होता. आमचा टेम्पो गेटवर थांबला आणि वास आमच्याही आधी आत शिरला. वॉचमनने नाकाला हात लावला नाही, पण सेक्रेटरी खाली आले. हिंदीत म्हणाले, लिफ्टमधून हे नाही नेता येणार, लोक तक्रार करतील. मी काही बोलणार तेवढ्यात आईच पुढे झाली.

"साब, लिफ्ट से नहीं ले जाती. हम सीडी से चडाएगा. लेकिन बाहर नहीं रखने का. भीग गया तो मेरा बारीश कैसा जाएगा?"

ते गोण्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "प्लास्टिक में लपेट लो, मासी. और दरवाजा बंद रखना." बाबांना मात्र त्यांनी स्वतः खुर्चीला हात लावून लिफ्टमध्ये घेतलं.

नवरा आणि टेम्पोवाला आठ मजले गोण्या चढवत राहिले. आम्ही त्या ताडपत्रीत गुंडाळून मुलीच्या खोलीत रचल्या. मुलगी हॉस्टेलला होती, तिला फोटो पाठवला तर तिने रडण्याचे चेहरे पाठवले. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन दार किलकिलं करून उभ्या होत्या. त्यांच्याशी माझं चांगलं होतं, सणाला डबे जायचे-यायचे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सामने मेरा मंदिर है, बेन. तीन-चार दिन ही ना?" मी हो म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबल्याचं मला दिसलं. मला वाईट वाटलं. पण त्या तरी काय करणार होत्या, हेही समजत होतं.

बाबांची खुर्ची आम्ही पश्चिमेच्या खिडकीशी ठेवली होती. काचांवर मी चिकटपट्ट्या लावत होते. तिथून जुनी मिठागरं दिसतात, त्यापलीकडे गाव, खाडी आणि मग उत्तनकडचा डोंगर. बाबांनी हे कधीच पाहिलं नव्हतं. आधी यायचे तेव्हा ते सोफ्यावर अवघडून बसायचे, खिडकीशी जायचेच नाहीत. आता ते बराच वेळ बघत होते. मग शब्द जुळवत म्हणाले,

"खाडी... एवरीशीच हाय?"

माझा पट्टीवरचा हात थांबला. एवढ्याशा पाण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. त्यात पहाटे निघून संध्याकाळी परतायला त्यांना दिवस पुरायचा नाही. आई गोण्या मोजून बाहेर येत होती, तिने ऐकलं.

"लहान न्हाय ती," ती म्हणाली. "आपुन लांब आलोय."

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. सकाळपासून पाऊस होता, वारा हळूहळू चढत गेला. जेवण झालं आणि वीज गेली. मग खिडक्यांच्या काचा चौकटीत धडधडू लागल्या. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बिल्डिंग श्वास घेतेय असं वाटत होतं. वरच्या मजल्यावर कुठेतरी काच फुटली, तेव्हा सेक्रेटरी जिन्यातून ओरडत आले, सगळ्यांनी लॉबीत बसा. आमच्या मजल्याची लॉबी लिफ्ट आणि जिन्याच्या मधली, बिनखिडक्यांची. आम्ही बाबांची खुर्ची बाहेर आणली. समोरच्या बेन आणि त्यांचे मिस्टर चटई घेऊन आले. दारं उघडीच राहिली, कारण आत-बाहेर सारखं करावं लागत होतं. बोंबलाचा वास लॉबीभर झाला.

बेन पदर नाकाला लावून बसल्या होत्या. आईच्या ते लक्षात आलं. ती उठून त्यांच्यापासून लांब, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मला ते पाहवेना. इतक्यात जोराचा दणका बसला, खाली काहीतरी पत्र्याचं आदळलं असावं. बेन घाबरून ओरडल्या आणि म्हणाल्या, "मासी, उधर मत बैठो, जीना खुला है. इधर आओ."

आई आली. चटईच्या कडेला बसली.

"आपका घर कहां है, मासी?"

"मुर्धा में. खाडी के बाजू में."

"अभी घर में कौन है?"

"कोई नहीं. पहली बार कोई नहीं है," आई म्हणाली.

बेननी पदर तसाच ठेवला, पण दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली आईपुढे सरकवली. वाऱ्याचा आवाज चढला की दोघी एकाच वेळी वर छताकडे पाहायच्या.

बाबा मात्र शांत होते. दर थोड्या वेळाने मान कलती करून ऐकायचे. मी विचारलं, "भीती वाटते का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पोटावर हात ठेवला. लकवा झाल्यापासून त्यांची भूक मेली होती, आई दोन घास भरवायला तासभर बसायची. आणि आज ते स्वतःहून मागत होते.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"बोंबील."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी बेनकडे. आम्ही काही बोलण्याआधी त्यांचे मिस्टर म्हणाले, "खिलाओ, खिलाओ. बीमार आदमी है." बेन उठून आपल्या घरात गेल्या. आई आत जाऊन गॅसवर दोन बोंबील भाजून आली. भाताबरोबर बाबांनी ते चवीने खाल्ले, दुसऱ्याचं शेपूटही सोडलं नाही. आई भरवत होती आणि दर घासाला तिचा चेहरा सैल होत होता. वादळाच्या त्या दुपारचा मला अजून स्पष्ट आठवतो तो हा चेहरा.

अंधार पडायच्या सुमारास वारा उतरला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई गावात गेलो. रस्त्यात झाडं पडली होती, विजेच्या तारा लोंबत होत्या. धक्क्यावरच्या होड्या बऱ्याचशा वाचल्या होत्या. आमच्या घराचे पुढचे पत्रे जाळ्याने धरून ठेवले होते. मागचा माड मात्र मुळासकट आतल्या खोलीवर आडवा झाला होता. पत्रे फुटून आत आले होते आणि बाबांच्या खाटेच्या मधोमध माडाचा बुंधा टेकला होता. खाट मोडली होती.

आई दारात उभी राहिली. आत गेली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळून अंगणातला पाला गोळा करायला लागली. मीही झाडू घेतला. दुपारी जेवताना ती एवढंच म्हणाली, "तू आलीस त्ये बरं केलंस. मी तं न्हायच म्हनलं होतं."

"बाबांनी ठरवलं, मी नाही," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "यांना धक्का बगायचा होता."

तिला खरंच असं वाटत होतं की ती ते मनाच्या समाधानासाठी म्हणत होती, मला आजही कळलेलं नाही. जीव वाचवायला निघालो असं आम्ही म्हणतो. बाबा कदाचित फक्त घराबाहेर पडायला निघाले होते.

घर नीट व्हायला पावसाळा गेला. बाबा तोवर आमच्याकडे राहिले. आई सकाळी एकेक गोणी रिक्षात टाकून बाजारात जायची, तिथून गावात, आणि संध्याकाळी परत. जिन्याने जायची, लिफ्ट वापरली नाही. श्रावणात शेवटची गोणी संपली तेव्हा मी मुलीची खोली फिनेलने पुसून काढली, पण वास काही गेला नाही. मुलगी सुट्टीला आली, नाक मुरडलं आणि दोन दिवसांनी विसरून गेली. दसरा झाल्यावर गावातल्या चौघांनी येऊन बाबांना परत नेलं. त्यांची नवी खाट आईने पुढच्या पडवीत टाकली, जिथून रस्ता दिसतो आणि येणारा-जाणारा थांबून दोन शब्द बोलतो.