सईदाचं गाणं

घुग्घुसात लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या जाहिदभाईंच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या मरण पावलेल्या बायकोच्या, सईदाच्या, गाण्याची एकच फाईल होती. ती लग्नघरी फक्त बायकांतच गायची. "परक्या माणसाले ऐकवू नका," असं तिनं बजावलं होतं.

दोन हजार पाच साली त्या फाईलला व्हायरस लागला. विकतचा अँटीव्हायरस ती पुसायलाच निघाला.

"पैसे देऊन पुसून घ्याचं काय?" शेजारचा दुकानदार सलमान म्हणाला. "फुकटवाला टाका न भाई, सगळे तोच टाकून राह्यले."

फुकटवाल्यानं विचारलं, तपासणीसाठी फाईल कंपनीकडे पाठवू का? जाहिदभाईंनी इंटरनेटची वायर उपटली आणि दोन्ही अँटीव्हायरस काढून टाकले. व्हायरस फाईलमध्ये तसाच राहिला.

आता दुकान बंद करताना ते गाणं लावतात. सईदा गाते, अडखळते. दर वेळी गाणं थोडं आणखी आधी थांबतं.