भुकेची वाट

दमयंती पनवेलच्या मच्छी बाजारात वीस वर्षं बसत होती. २०११च्या दिवाळीआधी तिचा नवरा काळूराम करंजाच्या बंदरावर जाळी उतरवताना कोसळला आणि तिथंच गेला. तेराव्यानंतर ती पुन्हा पाटी घेऊन बाजारात आली. रडली नव्हतीच. बांगडे कापायची, भाव सांगायची. गिऱ्हाइकांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं.

घरी मोठी जाऊ भीमाबाई दोन्ही वेळा ताट वाढून समोर बसे. "खा गो, अंगात बल कुठशी येल?" दमयंती खाई. चव कळत नसे. दोन महिन्यांत पोट दगडासारखं झालं, जिभेवर पांढरा थर आला, सकाळचं जेवण संध्याकाळी घशाशी येऊ लागलं.

शेवटी भीमाबाईनंच तिला एसटी स्टँडमागच्या वैद्य विनिताबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"भूक लागते का?"

"जेवते ना मी."

"जेवता ते कळलं. भूक लागते का?"

दमयंतीनं शेवटची भूक कधी लागली ते आठवून पाहिलं. "नाय."

"आमीच भरवतो," भीमाबाई म्हणाली. "नायतर मरल ती."

"जठराग्नी मंद झालाय. दुःखानंही होतो. विझत्या चुलीत ओली लाकडं कोंबली तर धूरच होणार. भूक लागेपर्यंत सुंठीचं पाणी आणि पातळ पेज. आग्रह कुणी करायचा नाही."

भीमाबाईला हे पटलं नाही, पण तिनं ताट वाढणं थांबवलं.

चौथ्या दिवशी मांदेली तोलताना दमयंतीच्या पोटात काहीतरी पिळवटलं. दुखतंय असं वाटून ती खाली बसली. मग कळलं, आणि लाज वाटली. नवरा जाऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते.

शेजारी अंडी विकणाऱ्या साबिरानं विचारलं, "काय झालं?"

"भूक लागली."

साबिरानं आपला डबा उघडून वरणभात पुढे केला. दमयंतीनं पाच-सहा घास खाल्ले. मीठ जरा जास्त होतं. तेवढं कळलं. मग हात धुऊन तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला.

होळीपर्यंत ती अख्खी भाकरी पचवू लागली. रडू मात्र आलं नाही. भीमाबाई अधूनमधून विचारायची, "बरी हायस ना?"

"पोट बरं हाय," दमयंती सांगायची.