येतानाचा हात

"जय भीम. चला, पुन्हा पैल्यापासून."

काकांच्या तोंडून हे मी किती वेळा ऐकलंय, मोजदाद नाही. मुखेडच्या स्टँडमागं त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून आमचं ऑनलाइन सेंटर, जिथं मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. बोअरमधली मोटार जळाली की तिची वायर हातानं ओढून भरावी लागते, एकेका खाचेतून, फेरे मोजत. मोजताना काका कुणाकडंच बघायचे नाहीत. गिऱ्हाईक ओरडू दे, फोन वाजू दे. पण वस्तीतलं कुणी जाता जाता "जय भीम काका" म्हणलं की संपलं! उत्तर द्यायचे, फेरा विसरायचे, त्या खाचेतली सगळी वायर उसवायचे आणि पुन्हा सुरू.

"काका, नुसती मान हलवायची की," मी एकदा म्हणलं.

"मान हलवून जय भीम होतो का पोरी? मान बैल पण हलवतो."

शेवटी आम्ही गल्लीतल्या पोरींनीच ठरवलं, काकांचे ओठ हालताना दिसले की गुपचूप पुढं जायचं.

असला माणूस तुमच्या पण गल्लीत असंल, ज्याला खोटं बोलताच येत नाही. सकाळी विहारात वंदना त्यांच्याच आवाजात व्हायची, भोंग्यावरून सगळ्या वस्तीला. पंचशील घेताना खोटं न बोलण्याच्या शीलाला आवाज जरा चढायचा. आणि मग दुकानात तेच. शेतकरी घाबरून टेम्पोत मोटार घालून आणायचा, काका उघडून बघायचे आणि म्हणायचे, "जळाली न्हाई रे. कंडेन्सर गेलाय नुसता. ने माघारी." टेम्पोवाला वैतागायचा, शेतकरी हसत जायचा.

मागच्या हिवाळ्यात, ऐन रब्बीत, काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा पण गेली, एक "न्हाई" तेवढं राहिलं. त्यांची मुलगी लातूरला नर्स आहे. तिनं महिनाभर आईला ठेवून घेतलं, व्यायाम शिकवले, मग काका काकूंना घेऊन माघारी आले. रोज पहिल्या रांगेत बसून वंदना म्हणणारी बाई आता खाटेवर पडून भोंग्यावर नवऱ्याचा आवाज ऐकायची आणि तोंड भिंतीकडं फिरवायची. हे काकांना कुणी सांगितलं काय माहीत. पण कळलं त्या दिवशी दुकान उघडलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये येऊन मला म्हणले, "बुद्ध पौर्णिमेला किती दिवस हायत, बघ बरं तुझ्या कंप्युटरात."

"तीन महिने आणि वर थोडे. का?"

"ती चालत जाणार हाय विहारात."

गल्लीतले म्हणले, अहो मिस्त्री, खुर्चीत बसवून उचलून नेऊ की चौघं जण. काका म्हणले, "चौघांनी उचलायची येळ येतच असती सगळ्यांवर. आत्ता ती चालणार."

मग पाइप सुरू झाला. बोअरमधून निघालेले जुने लोखंडी पाइप शेतकऱ्यांनी आणून टाकले. काकूंच्या कोपराची उंची दोऱ्यानं मोजून काकांनी खाटेपासून दारापर्यंत भिंतीला पाइप ठोकला. मग दारापासून शेजारच्या भिंतीला. मग पुढच्या. जेवढं काकूंना चालता येईल तेवढाच पाइप पुढं सरकायचा, एक इंच जास्त नाही. उन्हात लोखंड तापतं, म्हणून मोटारीच्या कॉइलला गुंडाळतात ती पांढरी सुती पट्टी सगळ्या पाइपाला गुंडाळली. आमची गल्ली हात मोडल्यासारखी दिसायची, प्लास्टर घातलेली!

अडलं ते सरांच्या भिंतीपाशी. रिटायर मास्तर, लई तिरसट. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "माझी गाडी लावायला त्रास होणार का?"

कुणी पण म्हणलं असतं, छे छे सर, कसला त्रास. काका म्हणले, "हाव, होणार. आडवी लावता येणार न्हाई. पाव्हण्यांचा पाय पण अडकल."

"मग मी हो कशाला म्हणू?"

"म्हणू नका की. मी इचारून राहिलो नुसतं."

सरांनी दार लावून घेतलं. दोन दिवसांनी तेच दुकानात आले. "उद्या भोकं पाडा. पण सरळ पाडा."

मे महिन्याचं ऊन, दिवसाला चार चार मोटारी, आणि घरी स्वयंपाक, काकूंची अंघोळ, वेणी. वेणी काका लई घट्ट घालायचे, वायर ओढल्यासारखी. काकू "न्हाई न्हाई" करायच्या. एकदा दुपारी दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणले, "थकलो पोरी." मग जरा थांबून, तपासून बघितल्यासारखं, "हाव. थकलोच."

पौर्णिमेला सकाळी काकू पांढरं लुगडं नेसून निघाल्या. डावा हात पाइपावर, उजवा पाय ओढत. काका मागं, हात न लावता. आम्ही सगळे आपापल्या दारात. सर पण. दोन मिनिटांच्या गल्लीला अर्धा तास लागला. विहाराच्या पायरीवर पाय पडला आणि मी तर रडलेच. वंदना झाली. काकूंचे ओठ हालत होते, आवाज नव्हता.

खीर खाऊन सगळे बाहेर आले. काकू पायरी उतरल्या, घराकडं वळल्या आणि थांबल्या.

पाइप उजवीकडं होता. मेलेल्या हाताकडं.

तीन महिने एवढा हुशार मिस्त्री, कोपर मोजणारा, पट्टी गुंडाळणारा, घरापासून विहारापर्यंत एका बाजूनं पाइप ठोकत गेला होता. माघारी यायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही! आणि आमच्या पण कुणाच्या आलं नाही. रोजच्या सरावात पाइप संपला की काका कुणाला तरी हाताशी घेऊन काकूंना खुर्चीत उचलून आणायचे.

सर म्हणले, "मिस्त्री, जायचं केलंत, यायचं राहिलं की हो!"

काका पाइपाकडं बघतच राहिले. "हाव सर. चुकलंच."

आणि काकू हसल्या. अर्ध्या तोंडानं, पण हसल्या, लकव्यानंतर पहिल्यांदा. त्यांनी डावा हात बाजूला पसरला. काकांनी तो धरला. दोघं तसेच घरी आले.

दुसऱ्या दिवशी काका समोरच्या बाजूला, नालीच्या काठानं खांब रोवायला माप घेत होते. दारातून काकू म्हणल्या, "न्हाई."

"अगं, सीझनला मी कुठं रोज येऊ?"

"न्हाई!"

पाइप तसेच दुकानाच्या भिंतीला टेकून राहिले. काका रोज वंदनेनंतर त्यांना हाताला धरून आणायचे. येताना काकांचंच पाऊल जास्त जड पडायचं. कोण कुणाला आणतंय, कळायचं नाही.

दिवाळीच्या आधी एका शेतात मोटार वर ओढताना काकांच्या छातीत कळ आली. नांदेडला नेईपर्यंत गेले.

मुलगी लातूरला न्यायला आली. काकू "न्हाई" म्हणल्या. ती शनिवारी येते, रविवारी जाते, डोळ्यांखाली काळं घेऊन. सरांनी स्वतः वेल्डर बोलावला, दुसऱ्या बाजूला पाइप टाकून घ्या म्हणले. काकू त्याला पण "न्हाई" म्हणल्या. मग मीच मोबाईलवर ग्रुप केला आणि पाळ्या लावल्या: डबा कुणाचा, विहारातून आणायचं कुणी. खरं सांगते, कंटाळा येतो. सेंटरला उशीर होतो, मालक बोलतो. पाळी बदल म्हणून मेसेज येतात. मी पण टाकलेत. वंदना आता मोबाईलवर लावतात.

आज माझी पाळी होती. वंदना झाली, काकू पायरी उतरल्या, घराकडं वळल्या आणि न बघताच डावा हात बाजूला पसरला. मी धरला. त्यांनी माझी बोटं चाचपली. एकदा सैल सोडली. मग गच्च धरली आणि पाय उचलला.