नवव्या तालुक्याचे मोजणीदार

आमचे मोजणीदार माणसाची ओळख क्षेत्रफळात करून देत. "हे आमचे साडूभाऊ. दिसायला एकर, लागवडीखाली चार गुंठे." लग्नाच्या पंगतीत एखाद्या पुढाऱ्याकडे बघून ते माझ्या कानाशी लागत आणि म्हणत, "पोटखराबा लई हाय." शेतातल्या ज्या तुकड्यात काहीच उगवत नाही त्याला पोटखराबा म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तेव्हापासून मला एकाही पंगतीत धड जेवता आलेलं नाही.

ते मूळचे भूम तालुक्यातल्या ईट गावचे. उभी नोकरी जमीन मोजण्यात गेली. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडताना त्यांनी पाहिले होते. एकदा मध्ये मोजणीची साखळी धरून उभे असताना त्यांचंही फुटलं. कपाळावरच्या व्रणावर बोट ठेवून ते सांगत, "ही माझी हद्दीची खूण. दोन्ही भावांना मान्य हाय."

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा सुनेच्या मागे लागतात. मोजणीदारांनी एक तालुका काढला. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. त्यांनी नववा काढला आणि तो कुठे आहे असं कुणी विचारलं, की शांतपणे सांगत, "भूम आणि परंड्याचे नकाशे जिथं नीट जुळत न्हाईत ना, तिथं."

हा खेळ होता आणि त्याचं नावही 'नववा तालुका' असंच होतं. धाराशिवात माझी छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची. रविवारी दुपारी कागद कापायच्या टेबलाभोवती आम्ही चार-पाच जण बसायचो. एक जण कारभारी, तो मान मोजणीदारांचा. समोर काय आहे, कोण आलं, नदीला पूर आहे की नाही, हे तो सांगणार. बाकीचे त्या तालुक्यातले रहिवासी. मी विहिरी खोदणारा होतो. आपण काय करतो ते प्रत्येकानं तोंडानं सांगायचं आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासे टाकायचे. आकडा बरा आला तर काम झालं. नाही आला तर विहिरीत पडलात. मी इतक्या वेळा पडलो, की घरी बायको विचारायची, "आज वर आलात का?"

नवव्या तालुक्याचे तहसीलदार एक बोकड होते. बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव चुकून आलं, ते वेळेवर हजर झाले आणि चूक दुरुस्त करायची फाईल त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी ती खाल्ली. अर्ज द्यायचा तर साहेबांच्या तोंडापुढे धरायचा. खाल्ला तर मंजूर. नुसता हुंगून सोडला तर त्रुटी आहे, दुरुस्त करून पुन्हा यावं. मोजणीदार या बोकडसाहेबांचं सोंग घ्यायला उठत तेव्हा आधी चष्मा पुसत, मग हनुवटी हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत आमच्याकडे बघत राहत. त्या नजरेपुढे मी खऱ्या आयुष्यातले दोन अर्ज मागे घेतले आहेत.

आता परवान्याची गोष्ट. त्यांच्या पुतण्यानं अशाच एका परदेशी खेळाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात आग ओकणारे अजगर, तळघरं, जादूगार असं पुष्कळ काही होतं. मोजणीदारांनी अजगर ओलांडले आणि थेट शेवटच्या पानावर थांबले. तिथं बारीक अक्षरात छापलं होतं की या खेळाचे नियम घेऊन कुणीही स्वतःची नवी पुस्तकं लिहावीत, छापावीत, विकावीत; अमुक एवढं सगळ्यांसाठी खुलं आणि तमुक एवढं आमचं राखीव. पुतण्यानं मराठीत समजावून सांगितलं. मोजणीदार म्हणाले, "ह्यांनी भांडण व्हायच्या आधीच मोजणी केली की."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या प्रेसवर स्वतःचा परवाना घेऊन आले. त्याला त्यांनी नाव दिलं होतं गायरान परवाना. नियम, फासे, रस्ते, नद्या हे सगळं गायरान. कुणीही यावं, चारावं, त्यातून नवी गोष्ट काढावी आणि खुशाल विकावी. कुणाच्या गायरानात चारलं ते पहिल्या पानावर सांगावं. गायरानाला कुंपण घालू नये. तहसीलदार साहेब मात्र माझ्या गोठ्यातले, त्यांना कुणी हात लावू नये. बस्स. वकिलाला दाखवू या, असं मी सुचवलं. "वकील आला की बांध आला," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

आणि काय सांगू, माणसं चारायला आली की. पहिली आली ती सोनारीची सुनंदा. काळभैरवाच्या देवळापाशी तिचं नारळ-गुलालाचं दुकान. घर मेंढपाळांचं, त्यामुळं गायरान म्हणजे काय हे तिला शिकवावं लागलं नाही. तिनं नवव्या तालुक्यातल्या एका आटलेल्या नदीवर पुस्तिका लिहिली, मी छापली, आणि तिनं ती नारळाशेजारी ठेवून विकली. भाविक आधी पंचांग समजून घेत आणि नंतर दुसरा भाग मागायला येत. मग कळंबचे एक शिक्षक आले, लोहाऱ्याचे एक निवृत्त कारकून आले. सगळ्यांना एकच अडचण: तहसील कचेरी दाखवायची, पण साहेबांना हात लावायचा नाही. सुनंदानं तोडगा काढला. तिच्या पुस्तिकेत कचेरीच्या दारावर पाटी असे, 'साहेब दौऱ्यावर आहेत.' शिक्षकांनी साहेबांना मीटिंगला पाठवलं. कारकुनांनी जेवायला. वाचणारे म्हणत, बाकी सगळं कल्पनेतलं आहे, पण कचेरी हुबेहूब उतरली आहे.

अशात पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, स्वभावानं गोड. त्यांना खेळ विकत हवा होता, बोकडासकट. सुंदर खोका काढणार, लाकडी सोंगट्या देणार आणि मोठा रंगीत नकाशा. अट एकच. परवाना मागे घ्यायचा. यापुढं नवव्या तालुक्यावर कंपनीशिवाय कुणी काही छापायचं नाही. त्यानं नमुन्याचा नकाशा माझ्या टेबलावर पसरला. मोजणीदारांनी जन्मभर काळ्या शाईत लोकांच्या भांडणांचे नकाशे काढले होते. ते नकाशावर वाकले. बोट एका रेषेवरून हळूहळू फिरलं. "नद्या निळ्या केल्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. सुनंदाची तिसरी पुस्तिका त्या वेळी मशीनवर होती.

त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही नाही. "जागा द्यायची तर आधी मोजणी," एवढंच म्हणाले आणि लगतच्या सगळ्या धारकांना, म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्यांना, नोटिसा काढल्या. सवयीनं, जुन्याच सरकारी भाषेत: मौजे नववा तालुका येथील हद्दी कायम करणेकामी ईट येथे समक्ष हजर राहावे. इथंच घोटाळा झाला. मोजणीची नोटीस आली आणि आपण गेलो नाही तर बांध सरकतो, हे आमच्याकडे तान्ह्या बाळालाही ठाऊक असतं. त्यामुळं लेखक तर आलेच, पण भाऊबंद घेऊन आले, भाकरी बांधून आले, कारकुनांनी तर एक साक्षीदार आणला.

मोजणीदारांच्या मोकळ्या रानात चुन्याची फक्की टाकून अख्खा तालुका आखला होता. पुण्याच्या पाहुण्यांच्या हातात साखळीचं दुसरं टोक दिलं होतं. "ओढून धरा साहेब, ढिलं सोडलं की एक गाव जातंय." मग जे भांडण जुंपलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. सुनंदाची नदी आपल्या ओढ्यात वळवली, असा आरोप कारकुनांवर आला. शिक्षकांचा किल्ला ऐन आठवडी बाजारावर बसला होता. सुनंदाची सासू, जिनं खेळाचं एक पानही वाचलं नव्हतं, कमरेवर हात ठेवून किल्ल्यात उभी राहिली आणि हलेना. साक्षीदारानं शपथेवर सांगितलं, की हा ओढा तो लहानपणापासून बघतोय.

पाहुण्यांनी दम खात सगळ्यांना कंपनीची अट सांगितली. अगदी सभ्यपणे. मोजणीदार कुणाकडंच बघेनात. फक्कीच्या नदीकडं बघत उभे होते. तेव्हा सुनंदा पुढं आली.

"काका, तुमी सांगितलं, बोकडाला हात लावू नका. म्या लावला न्हाय. साहेबाला इतकी वर्षं दौऱ्यावर ठेवलं. आता तुमी गायरानाला हात लावू नका."

मोजणीदारांनी साखळी खाली ठेवली. रानाच्या कोपऱ्यात फक्कीचा एक छोटा चौकोन होता, त्यांचा राखीव गोठा. ते चालत तिथं गेले आणि चपलेनं एक बाजू पुसून टाकली. मग दुसरी. चारही बाजू पुसून झाल्यावर वळले.

"साहेबांची बदली," ते म्हणाले. "आजपासून गायरानात."

पाहुण्यांना समजायला वेळ लागला. कंपनीला मुख्य हवा होता तो बोकडच. "मग आम्ही विकत काय घ्यायचं?" त्यांनी विचारलं. "विकत कशाला? तुमी बी चारा की," मोजणीदार म्हणाले, "कुणाची ना न्हाय." माणूस खरंच चांगला होता. तो हसला, सुनंदाच्या सासूच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि गेला. खोका आला नाही. निळी नदीही आली नाही. त्याबद्दल मोजणीदार कधी बोलले नाहीत, पण माझ्याकडे चाररंगी काम आलं की ते उगीचच मशीनपाशी रेंगाळत.

बोकड सुटला तो सुटलाच. सुनंदानं त्यांना दौऱ्यावरून परत आणलं. उमरग्याच्या एकानं त्यांना कानडी बोलायला लावलं. कुणी त्यांचं लग्न लावलं. एका पुस्तिकेत ते दुसऱ्याच्या उसात शिरले, तेव्हा मोजणीदार तरातरा प्रेसवर आले. "साहेब इतके हलके न्हाईत," म्हणाले, बाकावर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "पण आपल्याला बोलायचा हक्क न्हाय." आणि ऊस खाताना साहेब कुठल्या अंगानं उभे होते, याची बारीक चौकशी करून गेले.

गेल्या उन्हाळ्यात मोजणीदार वारले. ईटलाच, झोपेत. त्यानंतर माझ्याकडे छपाईला तीन पुस्तिका आल्या, सोनारीहून, कळंबहून आणि लोहाऱ्याहून. तिघांचं आपसात बोलणं झालेलं नव्हतं. नदीवरून अजून अबोला होता. तिन्हींत तहसील कचेरी बंद होती. साहेब दाराशी बसून होते, पुढं अर्जांचा ढीग, आणि ते तोंड लावत नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही खेळायला बसलो. आता कारभारी मी. सुनंदाही आली होती. खेळात ती पाणाडी असते, जमिनीतलं पाणी सांगणारी. कचेरीसमोर रांग आहे, साहेब अर्ज घेत नाहीत, असं मी सांगितलं. सुनंदानं हात पुढं केला, त्यात अर्ज असल्यासारखा, आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेला.

"खावा की साहेब," ती म्हणाली.

मी फासे टाकले. आकडा फार मोठा आला नाही, पण पुरेसा आला. साहेबांनी अर्जाचा एक कोपरा खाल्ला.